लातूरला उतरायचंय, लातूर रोडला नाही

साल १८९७ धरा. मुंबईहून सोलापूरकडे जाणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून तुम्ही वळकटी सावरत खाली उतरता. पाटीवर लिहिलंय ‘बार्शी रोड’. तुम्हाला बार्शीलाच जायचंय, म्हणजे काम फत्ते. हमालाला विचारता, ‘‘पेठ कुठल्या अंगाला?’’ तो तुमच्याकडे बघतो, मग पूर्वेला हात करतो. पेठ आहे, पण दहा कोसांवर. तुम्ही उभे आहात ते गाव कुर्डुवाडी.

फसलेले तुम्ही पहिले नाही. रेल्वे कंपनीला बार्शीचा कापूस हवा होता, पण तेवढ्यासाठी मुख्य रूळ तिकडे वळवायचे नव्हते. मग बार्शीला जाणारा रस्ता जिथे फुटतो तिथे स्टेशन बांधलं आणि बार्शीचं नाव त्याला दिलं. गाव एकीकडे, नाव दुसरीकडे. खुद्द कुर्डुवाडीचं नाव पाटीवर यायला पुढं बराच काळ जायचाय.

तुमचं नशीब बरं, की याच वर्षी इथून बार्शीला एक छोटी गाडी सुरू झालीय. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ‘बार्शी लाइट रेल्वे’. दोन रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. डब्यात समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लागतो. कापसाच्या गाठी, वारकरी, व्यापारी, सगळे त्यातच. तुम्ही बसा. आपल्याला बार्शीच्याही पुढं जायचंय, पण त्यासाठी चौदा वर्षं थांबावं लागेल.

१९११. गाडी आता थेट लातूरला जाते. बार्शी मुंबई इलाख्यात, तिथून पुढं निजामाचा मुलूख. हद्द ओलांडलेली कळते ती खिशामुळं. इकडं कलदार रुपया चालतो, तिकडं हाली. लातूरच्या स्टेशनवर उतरून तुम्ही चहावाल्यापुढं इंग्रजांचं नाणं धरता आणि तो सुट्ट्याचा हिशेब बोटांवर करत बसतो. नाणं बदललं, कचेरीची भाषा उर्दू झाली, पण स्टेशनचं नाव लातूर आणि गावही लातूर. बाहेर पडलात की पेठ लागते. गंजगोलाई बांधून व्हायला अजून सहा वर्षं आहेत, तरी धान्याच्या आणि कापसाच्या गाड्यांची गर्दी आत्ताच दिसतेय. या प्रवासात पाटी आणि गाव एकमेकांशी खरं बोलतात अशी जागा क्वचितच सापडेल, म्हणून ही लक्षात ठेवा.

याच साली ऑगस्टमध्ये हैदराबादच्या गादीवर मीर उस्मान अली खान आले. त्यांच्याच नावानं ओळखलं जाणारं उस्मानाबाद लातूरच्या पश्चिमेला आहे. घराघरांत त्याला धाराशिव म्हणतात. तिथं जायचं म्हणून तुम्ही गाडीत चौकशी केलीत तर गार्ड सांगेल, येडशीला उतरा आणि पुढं बैलगाडी बघा. ही लाइन त्या गावाला शिवतच नाही. जिल्ह्याचं ठिकाण असूनही त्याच्या नावाची पाटी कुठल्याच स्टेशनवर नाही, आणि अजून जवळजवळ शंभर वर्षं असणार नाही.

आता उलट्या बाजूनं या. साल १९४०. तुम्ही हैदराबादेत आहात, लातूरला सोयरिकीची बोलणी करायला निघालाय. निजामाच्या रेल्वेनं विकाराबादहून बीदर, उदगीर करत गाडी परळीकडे जाते. तिकीट तुम्ही ‘लातूर’ म्हणून मागितलंत. बाबूनं न विचारता जिथलं द्यायचं तिथलं दिलं. गाडी थांबते, पाटीवर ‘लातूर’ एवढी अक्षरं नजरेस पडतात आणि तुम्ही धोतर आवरत उडी मारता. पुढचा शब्द वाचायला वेळच मिळाला नाही. गाडी निघून जाते. भोवती ज्वारीची रानं, दोन टपऱ्या, एक लिंबाचं झाड.

‘‘आवो पाव्हणं, कुठं चाललाव?’’

‘‘लातूरला.’’

‘‘मग हितं कामून उतरलाव? हे लातूर रोड हाय.’’

लातूर तिथून तीसेक किलोमीटर. या दोन स्टेशनांना जोडणारा रूळ नाही. एकीकडं बार्शी लाइटची अरुंद लाइन लातुरात येऊन संपते, दुसरीकडं निजामाची रुंद लाइन लातूरला वळसा घालून जाते. दोन कंपन्या, दोन मापं, आणि नाव मात्र एकाच गावाचं. सोयरिकीचा मुहूर्त टळायचा तो टळतो. तुम्ही मोटारीची वाट बघत बसता. तेवढ्यात या प्रवासाचा खरा मुद्दा समजून घ्या: स्टेशनची पाटी गावातला माणूस कधी वाचत नाही. त्याला डब्यातल्या उजेडावरून, वळणावरून, फेरीवाल्याच्या हाळीवरून स्टेशन कळतं. पाटी असते ती तुमच्यासारख्यासाठी, जो पहिल्यांदा उतरतोय. म्हणून नावावरचा वाद गावात होतो आणि घोटाळा होतो तो पाहुण्याचा.

हा ‘रोड’ एकट्या लातूरचा नाही. त्याच बार्शी-लातूर मार्गावर पुढं कळंब रोड भेटेल, औसा रोड भेटेल. बिहारात गेलात तर औरंगाबाद शहराला जायला तुम्हाला अनुग्रह नारायण रोड या स्टेशनवर उतरावं लागेल. तिथं तर गावाचं नावसुद्धा पाटीवर नाही.

१७ सप्टेंबर १९४८ पुढं सरकू द्या. हैदराबाद संस्थान भारतात आलं. पाट्या, शिक्के, कागद हळूहळू बदलू लागले. मोमिनाबादचं पुन्हा अंबाजोगाई झालं. त्या बदलानं रेल्वेचा एकही प्रवासी चुकला नाही, कारण अंबाजोगाईला रेल्वेच नव्हती. एसटीची पाटी रंगवणाऱ्यानं ब्रश फिरवला की झालं. रेल्वेचं तसं नसतं, हे तुम्हाला थोड्या वेळानं कळेल.

१ जानेवारी १९५४ ला बार्शी लाइट सरकारनं विकत घेतली, पण डबे तेच, वेग तोच. १९७९ मध्ये लातूरच्या एखाद्या दवाखान्यात डोकावून बघा. बाळाचा जन्मदाखला लिहिला जातोय: गाव लातूर, जिल्हा उस्मानाबाद. वेगळा लातूर जिल्हा व्हायला १६ ऑगस्ट १९८२ उजाडायचाय. त्या बाळाला आपण पुढं पुन्हा भेटणार आहोत.

२००७ चा सप्टेंबर. लातूर ते उस्मानाबाद रुंद रूळ पडले, पुढच्या वर्षी ते कुर्डुवाडीला मिळाले. रेल्वेनं यावेळी जुनी वाट सोडून मार्ग मुद्दाम वळवला आणि उस्मानाबादला नकाशावर आणलं. तुम्ही नव्याकोऱ्या फलाटावर उभे आहात. पिवळी पाटी, काळी अक्षरं, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. निजाम गेला, संस्थान गेलं, मराठवाडा महाराष्ट्रात आला, आणि हे सगळं उलटून गेल्यावर ‘उस्मानाबाद’ हे नाव पहिल्यांदा स्टेशनच्या पाटीवर चढलं. निजामाच्या राज्यात ज्या नावाला स्टेशन मिळालं नाही, ते त्याला एकविसाव्या शतकात मिळालं.

लातुरात मात्र उलटं झालं. नाव तेच राहिलं, स्टेशन हललं. गावात येणारी अरुंद लाइन उखडली आणि नवं स्टेशन गावाबाहेर गेलं. रिक्षावाल्याला ‘जुनी रेल्वे लाइन’ म्हणालात तर तो तुम्हाला बरोबर नेऊन सोडतो. तिथं दुकानं आहेत, दवाखाने आहेत, क्लासला जाणाऱ्या पोरांच्या सायकली आहेत. रूळ तेवढे नाहीत. पत्ता म्हणून ते नाव इतकं पक्कं बसलंय, की रूळ नसल्याची कुणाला अडचण होत नाही. नाव टिकवायला पाटी लागते असं कुणी म्हणालं तर त्याला इथं आणा.

आता नांदेडला चला, २००८ च्या ऑक्टोबरात. गुरु गोविंदसिंगांनी याच गावी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं, त्याला तीनशे वर्षं होताहेत. गुरु-ता-गद्दीच्या सोहळ्यासाठी पंजाबपासून कॅनडापर्यंतची माणसं उतरताहेत. स्टेशनवरचं नाव आता नुसतं नांदेड नाही, हुजूर साहिब नांदेड आहे. शीख भाविकाला हे नाव वाचून आपण योग्य ठिकाणी आलो हे लगेच कळतं. गोंधळ झालाच तर तो लातूर-परभणीकडच्या माणसाचा. याद्यांमध्ये तो ‘न’खाली नांदेड शोधत राहतो आणि ते बसलेलं असतं ‘ह’खाली. जागा वाचवायला कुठं ‘एच साहिब नांदेड’ असं छापलेलं, ते वाचून तर हे कुठल्या साहेबाचं गाव असा प्रश्न पडावा. तरी या बदलाची रीत बघण्यासारखी आहे. नवं नाव जुन्याच्या पुढं बसवलं, जुनं पुसलं नाही. स्टेशनचा कोड एनईडी होता, तोच राहिला. पाहुण्याला दोन्ही नावं एकाच पाटीवर मिळाली.

नांदेडच्याच फलाटावर उभं राहून गाड्यांची नावं ऐका. देवगिरी एक्सप्रेस: देवगिरीचं दौलताबाद होऊन साडेसहाशेहून जास्त वर्षं झाली, तरी ते नाव रोज रुळावरून धावतं. नंदिग्राम एक्सप्रेस: नांदेडचं जुनं नाव. गाडीला कुठलंही नाव द्या, ती चुकीच्या गावी जात नाही. स्टेशनचं नाव बदललं तर माणूस जातो.

आता ३१ मे २०२५ ची रात्र. तुम्ही उस्मानाबादच्या फलाटावर आहात. मध्य रेल्वेनं आधीच जाहीर केलंय: मध्यरात्रीनंतर हे स्टेशन धाराशिव. त्यासाठी मुंबईची आरक्षण यंत्रणा रात्री पावणेबारापासून दीड वाजेपर्यंत बंद. पाटी बदलायला एक रंगारी पुरतो, पण स्टेशनचा कोड हा तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला, रेल्वेच्या सगळ्या हिशेबांत गुंतलेला असतो. तिकीट, आरक्षणाची यादी, भाड्याचं कोष्टक, मालाची पावती, डब्यावरचा तक्ता, मोबाइलवरचं ॲप, सगळे त्या दोन-चार अक्षरांवर चालतात. रात्री बारापर्यंत ती अक्षरं यूएमडी. बारा वाजून गेल्यावर डीआरएसव्ही.

हे एका दिवसात झालेलं नाही. आधी राज्य सरकार प्रस्ताव करतं. तो दिल्लीत गृह मंत्रालयाकडे जातो. तिथून रेल्वे, टपाल खातं, भारतीय सर्वेक्षण विभाग यांना विचारलं जातं, त्याच नावाचं दुसरं ठिकाण आहे का, लिहिण्यात घोळ होईल का, ते बघितलं जातं. संमती आली की राज्याची अधिसूचना निघते आणि मग रेल्वे कोड ठरवते. गावाचं नाव धाराशिव झालं ते २०२३ मध्ये. त्याच्या विरोधातल्या याचिका मुंबई उच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये फेटाळल्या. स्टेशन त्यानंतरही वर्षभर उस्मानाबादच होतं. म्हणजे २००७ साली चढलेली पाटी अठरा वर्षंही पुरी न करता उतरली.

दीड वाजून गेलाय. यंत्रणा सुरू झाली असेल. शेजारच्या बाकड्यावर तुळजापूरला निघालेलं एक कुटुंब आहे. तिकीट आठवड्यापूर्वी काढलेलं, त्यावर जुनं नाव. उद्या परतीचं काढतील त्यावर नवं. आजी मात्र गाढ झोपलीय. तिच्या तोंडी हे गाव आयुष्यभर धाराशिवच होतं, तिला कुणी काही कळवायची गरज नाही. जागा आहे तो बाहेरगावचा जावई. तो ॲपमध्ये जुनं नाव टाकून बघतोय.

हा बदल वाईट, असं त्याच्याकडं बघून म्हणता येणार नाही. काल संध्याकाळपर्यंत त्याची दुसरीच पंचाईत होती: तिकीट उस्मानाबादचं आणि गावात ज्याला विचारावं तो धाराशिव म्हणणार. पाटी आणि तोंड यांच्यातलं अंतर आज मिटलं. नवा घोटाळा आहे तो अधल्यामधल्या काळाचा, आणि त्या काळाची काळजी अधिसूचनेत कुणी लिहीत नाही.

तो काळ किती लांबू शकतो ते बघायला थोडं मागं आणि थोडं पुढं जा. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबाद शहराचं छत्रपती संभाजीनगर झालं. स्टेशनवर ते नाव आलं ऑक्टोबर २०२५ मध्ये, सीपीएसएन या नव्या कोडसह. मधली अडीच वर्षं तुम्ही एसटीनं गेलात तर संभाजीनगरला पोचत होता आणि रेल्वेनं गेलात तर औरंगाबादला. मुलाखतीचं पत्र एका नावाचं, तिकीट दुसऱ्या नावाचं. अजिंठा-वेरूळ बघायला परदेशातून आलेला पाहुणा हातातलं जुनं पुस्तक आणि समोरची पाटी यांच्यात मेळ घालत उभा. त्याच हंगामात अहमदनगरचं स्टेशन अहिल्यानगर झालं, पण तिथं कोड जुनाच ठेवला. एकाच वर्षात तीन गावं, आणि प्रत्येकाची रीत वेगळी.

लातूरहून रात्रीच्या गाडीत बसा आणि सकाळी मुंबईत उतरा. जिथं उतरला ते स्टेशन १९९६ पर्यंत व्हिक्टोरिया टर्मिनस होतं, मग छत्रपती शिवाजी टर्मिनस, २०१७ पासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. शेजारच्या बर्थवरचे काका घरी फोन करून सांगताहेत, ‘‘व्हीटीला उतरलो.’’ पलीकडं कुणाला शंका नाही. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ मध्ये झालं. करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, चर्नी रोडचं गिरगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी करावं असा ठराव २०२४ मध्ये विधिमंडळानं केला. ही नावं स्थानिक आहेत, लोकांच्या तोंडची आहेत. गिरगावात जायचं असेल तर गिरगाव स्टेशनला उतरावं, याहून सोपं काय? पण मुंबईच्या लोकलमध्ये दाराशी लोंबकळणाऱ्याला विचार करायला अर्धा मिनिटही मिळत नाही. एकामागोमाग एक सात-आठ स्टेशनांची नावं बदलली, की नवख्याची मोजणीच चुकते.

आता १९७९ चं ते बाळ. तो चाळिशी ओलांडून गेलाय, पासपोर्टच्या कार्यालयात फाइल घेऊन बसलाय. जन्मदाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद. आधार कार्डावर जिल्हा लातूर. बायकोचं माहेर, तेव्हाचं उस्मानाबाद, आता धाराशिव. तो जन्मला त्या घरातून कधी हललेला नाही. समोरच्या बाईंना तो समजावून सांगतोय, की जिल्हा तोडला तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि ज्या जिल्ह्यातून तोडला त्याचं नाव नंतर बदललं. बाई ऐकून घेतात, मग म्हणतात, याचा काहीतरी पुरावा लागेल.

आणखी पंधरा वर्षं पुढं सरका. धाराशिवच्या फलाटावर खेळणाऱ्या पोराला उस्मानाबाद हे नाव शेळीमुळं माहीत आहे. उस्मानाबादी शेळी या जातीचं नाव कुणी बदललेलं नाही. त्याच्या दृष्टीनं घोटाळा असा काही झालाच नव्हता. नावं अशीच रुळतात, चुकलेल्या माणसांची नोंद कुठल्याच खात्यात होत नाही.

ती नोंद तुम्ही ठेवा, कारण १८९७ पासून तुम्हीच चुकत आलाय. कुर्डुवाडीला बार्शी समजून उतरलात, रानात लातूर समजून उतरलात, नांदेड ‘न’मध्ये सापडलं नाही, संभाजीनगरला निघून औरंगाबादला पोचलात. यातले सगळे घोटाळे काही नामांतरानं केलेले नाहीत. पहिले दोन तर नाव न बदलता झाले. नाव कुणाचं द्यायचं हे गावानं, इतिहासानं, सरकारनं खुशाल ठरवावं. पण पाटी पाहुण्यासाठी असते हे धरलं तर दोन गोष्टी मागायला हरकत नाही. नवं नाव लागलं की जुनं पाच-दहा वर्षं तरी पाटीवर आणि तिकिटावर लहान अक्षरांत खाली राहू द्या. आणि शहराचं नाव ज्या दिवशी बदलतं त्याच दिवशी स्टेशनचंही बदला, अडीच वर्षांनी नव्हे.

लातूर रोडची पाटी मात्र बदलेल असं वाटत नाही. तिथं ना कुठला बादशहा आहे ना कुठला इंग्रज, मोर्चा काढावा असं त्यात काही नाही. आता दोन्ही स्टेशनांच्या मध्ये रूळही आहे, पण लातूर मध्य रेल्वेत आणि लातूर रोड दक्षिण मध्य रेल्वेत. तेव्हा हैदराबादहून कुणी यायचं असेल तर त्याला नुसतं नाव सांगून भागवू नका. कोड सांगा: आपल्याकडं यायचं तर एलयूआर, एलटीआरआर नव्हे. आणि पाटीवर ‘लातूर’ दिसल्याबरोबर उडी मारू नको, पुढचा शब्द वाच, हे फोन ठेवण्याआधी आणखी एकदा बजावा.